पोचे

मी तांबट. सुरातलं मला काही कळत नाही,
पितळेतलं कळतं.
फिलेमोन गायसमुद्रे माझ्याकडे यायचा
लग्नसराई उलटली की,
ट्यूबा खांद्यावर, जणू आजारी रेडकू घेऊन निघालाय,
बर्तन बाजारच्या गल्लीत आडवा होत होत.
"बघ रे, यंदा कुठं कुठं लागलंय."

मी बोट फिरवायचो, तो सांगत जायचा.
हा मल्हारगंजातला, घोडी बिथरली त्या रात्रीचा.
हा कुणीतरी नारळ भिरकावला,
नेम कुणावर होता देव जाणे.
हा महूच्या गाडीतला. टीसी म्हणाला,
ह्या जाड्या पाहुण्याचं तिकीट कुठाय?
आणि हसता हसता दोघांनी मिळून तो दारावर आपटला.

पण कर्ण्याच्या आतल्या अंगाला
एक होता, अंगठ्याएवढा.
तिथं हातोडी गेली की मनगट धरायचा.
"त्याला राहू दे."

महूच्या क्लबातला तो.
एकोणीस वर्षांचा फिलेमोन, शनिवारची रात्र,
फौजी अफसर, त्यांच्या बायका, मेणानं घासलेली फरशी,
आणि ट्रम्पेटवाला म्हातारा डेन्झिल, रेल्वेतून रिटायर झालेला.
पोरगा जोशात पुढं धावायला लागला तशी
डेन्झिलनं अंगठीचा हात उलटा मारला पितळेवर.
"पळू नकोस. तू जमीन आहेस.
जमीन पळाली तर नाचणारे पडतील."

पुढं क्लबात लाकडी उभा बेस आला,
मग रेकॉर्ड आल्या.
डेन्झिल ऑस्ट्रेलियाला गेला, मुलीकडे.
ट्यूबा ऐंशी रुपयांत देऊन गेला. हप्त्यानं.
शेवटचा हप्ता कुठल्या पत्त्यावर पाठवायचा
हे फिलेमोनला कधी कळलं नाही.

नंतर चाळीस वर्षं नवरंग बँड.
सगळ्यांत मागं, जनरेटरच्या गाडीपुढं,
धूर खात, तीच तीन गाणी.
तिसऱ्यात मात्र एक सूर तो
जरासा उशिरा टाकायचा, मुद्दाम,
क्लबातल्यासारखा.
नाचणाऱ्या मामांची कंबर भलतीकडेच जायची,
आणि त्यांना वाटायचं, आपण आज काय नाचतोय!

मी एकदा म्हणालो, इतक्या कल्लोळात
तुझं कुणाला ऐकू तरी येतं का?
तो पोह्यावर शेव पसरत राहिला.
रात्री कृष्णपुऱ्याच्या पुलावर वरात आली,
मी कठड्याशी उभा.
त्यानं मला बघितलं. चार पावलं थांबला.
ढोल चालू, ट्रम्पेट चालू,
आणि अख्खी वरात अडखळली,
अंधारात जिन्याची एक पायरी कमी निघावी तशी.
मग त्यानं गाल फुगवले.

दूर अमेरिकेत एक गाव आहे म्हणायचा,
तिथं बँड कबरीपर्यंत हळू जातो
आणि येताना नाचत येतो.
"माझं तसं करा, भिया."
कसलं करतो.
वैशाखातला शेवटचा मुहूर्त, नवरंगच्या तीन सुपाऱ्या.
दफनाला सहा जण, पाद्री धरून.
ट्यूबा माझ्याकडेच होता.
मधला पिस्टन अडकतो म्हणून मंगळवारी टाकून गेलेला,
"संध्याकाळपर्यंत दे, वरात आहे."

परत आलो. पिस्टन मोकळा केला. लगेच झाला.
सवयीनं खालची चावी दाबली
आणि चमचाभर पाणी फरशीवर आलं.
लोक थुंकी म्हणतात.
तो चिडायचा, "थुंकी नाही रे,
श्वास आहे. गार पडला की पाणी होतो."
मी त्यावर पाय पडू दिला नाही.
उन्हाळा होता, लगेच वाळलं.

भंगारवाला दोनदा विचारून गेला, किती किलो भरेल?
मजुरी साठ रुपये, वहीत त्याच्या नावावर आहे.

परवा गल्लीच्या तोंडावरून वरात गेली.
नवा बँड, मोठे स्पीकर.
कुणाचंच पाऊल चुकलं नाही.
मी नुसता दारात उभा होतो,
माझं चुकलं.