नो ड्यूज

ग्रंथालय, जिमखाना, केमिस्ट्री लॅब,
तिन्ही सह्या झाल्या.
फुटक्या ब्युरेटचे साठ कापून
अनामतीचे एकशेचाळीस मोजत
गड्डमसर म्हणाले, "सुटलास की."

कुठं, ते मीही विचारलं नाही.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
सायकलस्टँडच्या पत्र्याखाली इरेश, तौफिक,
आणि एकच प्रश्न फिरालेला, "पुण्याला कधी बे?"
जणू सोलापूर म्हणजे नुसता फलाट.
डफरीन चौकात रस प्यालो.
पैसे कोण देणार यावरून
पहिल्यांदाच कुणी भांडलं नाही.
त्याचंच वाईट वाटलं.

खरं सांगू, आनंदही झाला होता.
कन्ना चौकापर्यंत हात सोडून सायकल मारली.
मग आपली गल्ली दिसली
तसे हात आपोआप हँडलवर आले.

घरात माग चालू. आईच्या सुपात
अर्धा हजार विड्या.
मला बघून बापानं माग थांबवला
आणि एवढी शांतता झाली
की मी दचकलो.
"अयिंदा?"
"झालं," म्हणालो, मराठीत.
अजून काहीतरी सांगायचं होतं,
वाक्य जुळवत होतो.
तोवर त्यानं तुटलेला धागा जोडला
आणि बटण दाबलं.