सांधा

पूर्णेत, रेल्वेच्या जुन्या क्वार्टरात
निहालनं फरशीवर ठोकळ्यांचा रूळ मांडलाय.
सांध्याखाली चिकटवलीय काडेपेटीएवढी मोटार.
मोबाइलवर बोट टेकवलं की
टिक
अन् गाडी लूपला जाते, शेंगदाण्यांचे दोन डबे ओढत.

कधी तिसऱ्या फेरीला रूळ सोडते, कधी पाचव्या.
त्यानं प्रोग्राम चारदा पुसून लिहिला.
मला म्हणाला, आई, बॅटरी उतरली असंल.

धुराजीआबा खाटेवरून खाली आले,
आधी एक गुडघा, मग दुसरा, मधी बराच वेळ.
चौतीस वर्षं यार्डात लिव्हर ओढलेले सांधे.
गाल फरशीला टेकवून बघत राहिले
पट्टी रुळाला भिडते का.
मग नखानं उकरून काढला
जवारीचा अर्धा दाणा.

"हिला वाटतं, ढकललं म्हणजे बसलं.
बसलं का, ते कोण बघतं?"

रात्री निहालनं पट्टीच्या टोकाशी
इवलंसं बटण लावलं.
ते दाबलं गेलं तरच हिरवा दिवा.

आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले.
टिक ऐकली,
अन् तसंच पडल्या पडल्या विचारलं,
"कुलूप?"