हात न लावता खो

मैदानाची किल्ली त्या वर्षी
हळदीच्या डब्याशेजारी पडून होती.
मी मात्र रोज पाचला ट्रॅकपँट चढवायची,
शिट्टी गळ्यात,
आणि ओट्यावर तांदळाच्या बरणीला टेकवून
फोन उभा करायची.

नऊ चौकटी.
खो-खोत आठ बसतात, नववा धावतो.
तेवढंच काय ते जमून आलं होतं.

मांजलपूरची हेतवी, कारेलीबागेतला जैमिन,
दांडिया बाजारातल्या ओजसचं
पहिले तीन दिवस नुसतं कपाळ आणि पंखा.
वयं पाच, सहा. सर्वांत थोरला साडेसात.
वाडीतल्या झोयाच्या चौकटीवर लिहिलेलं असायचं
‘अब्बूचा फोन’,
आणि अब्बू दुधाची गाडी घेऊन निघाले
की झोया नाही.

“लाद्या मोजा,” मी सांगायची,
“चार लाद्या म्हणजे मैदान.
उकिडवे बसा. टाचा वर.”

वीस वर्षं घसा फोडून शिकवलं होतं,
पाठीला हात लागल्याशिवाय खो नाही.
आता हात नको. नुसता खो.
तोही तारेतून रखडत यायचा.
हेतवी ओरडून, धावून, पुन्हा बसून
पाणी प्यायलेली असायची
तेव्हा जैमिन दचकून उठायचा.
उशिरा दिलेला खो म्हणजे फाऊल.
त्या वर्षी सगळंच उशिरा पोचत होतं.
मी शिट्टी वाजवली नाही.

मग ओजसच्या आईचा निरोप आला.
खालच्या मजल्यावरचे इंदुकाका पॉझिटिव्ह,
घरात एकटेच,
उड्या बंद कराव्या लागतील, ताई.

दुसऱ्या दिवशी उड्या बंद केल्या नाहीत,
उड्यांचा आवाज काढून घेतला.
आधी बोटं, मग चवडा, मग टाच,
मग गुडघा दुमडायचा, जणू खाली कुणी झोपलंय.
“कोण झोपलंय?” हेतवीनं विचारलं.
“ओजसचे काका.”
मग मांजलपुरातही, कारेलीबागेतही
सगळी मांजरं झाली.
खो सुद्धा कुजबुजून.
मी झोयाच्या नावानंही एक कुजबुजले,
फोन त्या वेळी कुठल्या गल्लीत होता कुणास ठाऊक.

चार दिवस असे गेले.
पाचव्या दिवशी काकांनीच वर फोन केला,
मध्ये दोनदा खोकून:
“केम, छोकरो मांदो पड्यो?”

पाच वाजता छत धपधपू लागलं
की ते काढ्याचं भांडं गॅसवर ठेवायचे म्हणे.
उड्या मोजायचे.
एका सोमवारी एकोणनव्वद झाल्या होत्या,
मग एकदम काही नाही.
चार दिवस छताकडे बघत पडले होते,
विचारायचं धाडस होत नव्हतं.

“ताई, आज हळू की जोरात?”
ओजसनं विचारलं.
जोरात, मी म्हटलं, आणि मीही उडी मारली,
बरणी हलली, फोन आडवा झाला,
नऊ घरांना माझ्या स्वयंपाकघराचं
तेलकट छत दिसत राहिलं
आणि कुणीच थांबलं नाही.

आता मैदानावर फक्कीच्या रेघा पडतात.
झोया येते, तिची उडी दणदणीत,
तिला मांजरीचा धडा कुणी दिलाच नाही.
इंदुकाका परवा तक्रार करत होते,
वर कुणी राहतं की नाही, काही कळत नाही.
ओजस मात्र अजून तसाच धावतो,
आधी बोटं, मग चवडा.
चौकात बसलेल्याला
मागून कुणी येतंय याचा पत्ताच लागत नाही

पाठीवर हात पडेपर्यंत.