अवधान

कोण चावलं ते मी पाहिलंच नाही.
गट नंबर एकशे बारा, वैजापूरच्या अलीकडे,
सातपुड्याचा पायथा, गुडघाभर कुंदा,
आणि एका लिंबाच्या झाडावरून
दोन सख्खे भाऊ सकाळपासून हमरीतुमरीवर.
माझे डोळे रोव्हरच्या पडद्यावर.
पोटरीला सुई टोचल्यासारखं झालं,
चापट मारली, हाताला काही लागलं नाही.
लगतदारांच्या सह्या घेतल्या, निघालो.

रात्री खाजवलं.
खाजवलं कसलं, झोपेत नखांनी नांगरलंच.
दुसऱ्या दिवशी रुपयाएवढं लाल,
तिसऱ्या दिवशी तळहाताएवढं,
तुकतुकीत, ताणलेलं, आणि गरम.
झिपरू अण्णा म्हणाले, "चुना लाय दे साहेब, उतरी जाई."
लावला.
जीपमध्ये चढताना जांघेत कळ आली,
चाचपलं तर बोराएवढी गाठ.
अण्णांनी मान हलवली :
"अवधान उनं व्हई."

अवधान.
शाळेत गुरुजी ओरडायचे, अवधान कुठंय रे तुझं?
गुरुजी, सापडलं. उजव्या जांघेत.
मी लक्ष दिलं नाही
तेव्हा माझ्या वाटचं कोणीतरी आत
तीन दिवस जागं होतं.

उपकेंद्रात सिस्टर जमुना पावरा
तान्ह्या बाळाला काट्यावर झुलवत होती.
बाळ उतरवलं, आकडा लिहिला, मग माझ्याकडे वळली.
कधी? कुठं? काय लावलं?
चुना म्हटल्यावर हसली,
पाय पाहिला आणि हसायची थांबली.
हाताच्या पाठीनं आधी डावी पोटरी, मग उजवी,
किती ऊन आहे त्याचा फरक घेतला.
गोचिडाचं तोंड आत रुतलंय का, भिंगातून पाहिलं.
काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली शोधली.
ताप? थंडी? शुगर?

"नुसतं चावलेलं पहिल्या दिवशी सुजतं,
मग हळूहळू उतरतं. हे उलटं चाललंय.
किडा केव्हाच गेला, साहेब.
तुम्ही नखांनी वाट केली, त्या वाटेनं दुसरेच शिरले."

मग खिशातला निळा बॉलपेन काढून
तिनं लालीच्या काठाकाठानं
माझ्या पोटरीवर हद्द मारली.
शेजारी वेळ टाकली : ११.४०.

बावीस वर्षं मी लोकांच्या रानांत रेघा ओढतोय.
माझ्यावर कोणी ओढली नव्हती.
हात तिचा पक्का होता,
गुडघ्याखालचं अवघड वळणही तिनं सोडलं नाही.

"हे रेघेबाहेर गेलं,
किंवा लाल दोरा मांडीकडे चढायला लागला,
किंवा हुडहुडी भरली,
तर इथं यायचं नाही. सरळ चोपडा. रात्र असली तरी."

साबण-पाणी, धनुर्वाताचं इंजेक्शन, पाय उशीवर,
पिळायचं नाही, फोडायचं नाही,
गोळ्या पाच दिवस.
"तिसऱ्या दिवशी बरं वाटतं," ती म्हणाली,
"तेव्हाच माणसं बंद करतात."

त्या रात्री मी दर दोन तासांनी
टॉर्च लावून मोजणीला बसलो.
बाराला लाली रेघेला टेकलेली.
दोनला टेकलेलीच.
बायको म्हणाली, झोपा, पाय कुठं पळून जातोय?
चारला पुन्हा पाहिलं,
दम खात उभी होती, बांधावरच्या जनावरासारखी.
पलीकडे पाऊल नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी ती एक बोट मागं सरली.
मग दोन बोटं. मग गाठ विरली.
तिसऱ्या दिवशी बरं वाटलं.
गोळीचं पाकीट हातात घेऊन थोडा वेळ बसलो,
आणि घेतली.

आता आत काही नाही, सालपटं निघताहेत.
निळी रेघ मात्र आहे अजून, फिकट,
आत कसणारं कोणी नसलेल्या रानासारखी.
अंघोळीला तेवढा भाग मी घासत नाही.

भावांचा फेरमोजणीचा अर्ज आलाय.
पँट मोज्यांत खोचून कुंद्यात उभा आहे.
रोव्हर अजून सुरू केलेला नाही.
लिंबाचं झाड आधी नीट पाहून घेतो.