थ्री-फेज बारा वाजता

कवडू नन्नावरेनं दौऱ्याचा कागद हातात दिला.
शाळेच्या वहीतलं पान, समासात तेलकट अंगठा.
"वाच. तू येस्टीत होता, तुले गावं पाठ."

सिंदेवाही. नवरगाव. तळोधी.
तेवीसला ब्रह्मपुरी, पुढं लिहिलेलं : मोतीबिंदू.
"हा कोणता कार्यक्रम?"
"डावा डोळा. त्या रात्री वाजवाचं नाही."
पंचवीसला नागभीड, काळा चष्मा लावून.
पन्नास वर्षं रात्रीचा उगाच लावला,
यंदा डॉक्टरच सांगणार आहे.

वय अडुसष्ट. उजव्या कानात शिट्टी,
सत्त्याहत्तर सालची,
भंडाऱ्याला कारखान्याच्या क्लबात
स्पीकरला खेटून उभा राहिला तेव्हापासून वाजतेय.
तिचा सूर त्यानं शोधून ठेवलाय.
नव्या रेकॉर्डमधलं तिसरं गाणं तिथूनच उचलतो.

रेकॉर्डिंग देवतळ्यांच्या भातगिरणीत,
मार्गशीर्षात, भरडाई आटोपली की.
दिवसा लाइन सिंगल, ॲम्प नुसता खोकतो.
थ्री-फेज रात्री बाराला येते.
गाव तेव्हा मोटारी चालू करायला निघतं,
हातात काठी, टॉर्च,
वाघाला कळावं म्हणून मोठमोठ्यानं बोलत,
आणि आम्ही त्याच तारेवर
व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत वाट बघत बसणार.
भिंतींना कोंड्याची पोती. पोत्यांत उंदीर.
"आवाज आला त त्याईचंबी नाव टाकू."

बेसला शेंडे नाही.
सॅम्युएल शेंडे, रेल्वेत गँगमन,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला.
त्याच्या जागी कोणी पोरगा घ्यावा, मी म्हणालो.
कवडूनं डावा कान गिरणीच्या भिंतीला लावला,
मोटर रिकामी फिरवायला सांगितली.
"आयक. ई आहे. पन थोडा उतरलेला."
शेंडेचा असायचा तेवढाच.
"आपन गिटार उतरवू. मोटर काई चढत नाही,
शेंडेबी चढत नव्हता."

मग मंडया.
आम्हाला जागा नाटकानंतरची, पहाटे चारची.
खलनायक माफी मागून झालेला असतो,
लोक चादरी झटकत असतात,
कोणी झोपलेलं पोर खांद्यावर टाकत असतो,
त्या उठण्यात आम्ही वायर जोडायची.
बसलेल्यांसमोर कोणीही वाजवेल.
मागच्या साली तळोधीला किती जण परत बसले
ते कवडूनं मोजलं होतं : अकरा.
एकाची चप्पल सापडत नव्हती,
तो धरून.

माझे गुडघे गेलेत. ड्रम एकच उरलाय,
शिवाय निवृत्तीला परत न केलेला तिकिटाचा चिमटा.
दांड्यावर वाजवून तीस वर्षं माणसं पुढं सरकवली.
कवडूला तो झांजेच्या जागी हवा आहे.

कागदाच्या तळाशी एक गाव, तारखेविना.
चिचाळी.
शेंडेचं गाव. मी वर बघितलं.
तो टप्पा भाडेपत्रकातून माझ्या देखत खोडला होता,
धरणाचं पाणी आलं त्या साली.
"मले मालूम आहे," कवडू म्हणाला.
"ढिवराचा डोंगा सांगून ठेवला. आठशे रुपये.
ॲम्प नाही न्यायचा."

मी काही बोललो नाही.
बोटं आपोआप मोजत होती :
पवनीपासून सहा टप्पे,
पूर्ण तिकीट, अर्धं तिकीट, सामान वेगळं.
आणि खिशातला चिमटा काढून
चिचाळीशेजारी भोक पाडलं.

कवडू ओरडलाच.
मागच्या बाजूला गाण्यांची यादी होती,
भोक चौथ्या गाण्यात, बरोब्बर मधे.
त्यानं कागद बल्बसमोर धरला,
चांगल्या डोळ्यानं त्यातून माझ्याकडे पाहिलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "इथं आता थांबाचं.
चार मात्रा."