बैठकीचे पैसे

दोंदे बाईंच्या वर्गात मी बसतो.
शिकायला नाही. नुसता बसतो.
देवळाली गावात, पिठाच्या गिरणीवरचा हॉल;
खाली चक्की सुरू झाली की स्टूल थरथरतं
आणि बाई मुलांना म्हणतात,
थांबा, ज्वारी होऊ दे.

चौतीस वर्षं प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
कोऱ्या नोटांचे ताव समोरून जायचे
आणि मी चुका शोधायचो:
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
केसाएवढी रेघ, नको तिथं.
खूण केली की ताव गेला. त्याचा भुगा.
घरी आल्यावरही डोळा थांबायचा नाही.
भाचीच्या लग्नात, अक्षता पडायच्या आत
मला कळलं होतं
नवरदेवाचा एक डोळा बारीक आहे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला खिडकीकडे वळवलं.
माझा डावा खांदा उतरलेला,
लहानपणी चिंचेवरून पडलो, हाड तसंच जुळलं.
फोटोवाले म्हणायचे, काका, जरा सरळ.
बाई मुलांना म्हणाल्या,
तो खांदा दिसतोय?
तिथून सुरू करा.

त्या नाक काढू देत नाहीत.
नाकाखालचा अंधार काढा, नाक येईल आपोआप.
सगळ्यांची खोडरबरं एका स्टीलच्या डब्यात, जप्त.
चुकलेली रेघ राहू दे,
तिच्या शेजारी दुसरी ओढ.
फरहीन एकदा रडली,
तिच्या कागदावर मी माकड झालो होतो.
बाईंनी कागद हात लांब करून धरला, बराच वेळ.
माकड बसलंय मात्र नीट, म्हणाल्या.
वजन आहे त्याला.

तेरा मुलं, तेरा कागद,
एक मी दुसऱ्या मीसारखा नाही.
लाखभर सारखे बघून आलेल्या माणसाला
हे पचायला अख्खं वर्ष गेलं.

बैठकीचे दोनशे मिळतात.
मी नोट उजेडाकडे धरतो, सवयीनं.
बाई दर वेळी हसतात.
पास झाली का?

वर्ग सुटला की त्यांचं स्वतःचं काम.
सिव्हिलच्या बाकावरची माणसं,
सीबीएसवर शेवटची गाडी चुकलेला शिपाई,
चप्पल काढून पाय चोळणारी नर्स.
मागे भिंत नाही, झाड नाही, काही नाही.
एक हॉटेलवाले आले होते,
त्यांना रामकुंड हवं होतं, आठ बाय चार, दिव्यांसकट.
पैसे बरे देत होते. गिरणीवाल्याचं भाडं थकलं होतं.
बाई म्हणाल्या, पाणी नाही येत हो मला.
माणूसच अजून जमेना.

माझं चित्र सात महिने चाललं, रविवारी रविवारी.
चेहरा झाला, खांदा तर पहिल्याच दिवशी.
उजवा हात चार वेळा खरवडला त्यांनी,
सुरीनं, पार कापडापर्यंत.
पाचव्यांदा ब्रश खाली ठेवून विचारलं,
तुमचा हात करतोय काय?
मी बघितलं.
अंगठा आणि बोट
नसलेला ताव उलटत होते.
थांबवू का, म्हटलं.
नको, म्हणाल्या. आता कळलं.

प्रदर्शनाला बायकोला घेऊन गेलो.
ती चित्रासमोर उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.
खांदा जास्तच उतरवलाय बाईंनी, म्हणाली.
मग माझ्याकडे बघितलं.
मग परत चित्राकडे.
मग कुणाशी तरी वडापावच्या भावावर बोलत राहिली.

परतताना रिक्षात
ती नेहमी उजवीकडे बसते, वारा लागतो म्हणून.
त्या दिवशी मी चढलो,
तर ती आधीच सरकून
डाव्या बाजूला बसली होती.