डिकीतली वाळू

गाडी आली तेव्हा तिचं नाक शाबूत होतं,
मागचा डावा दरवाजा मात्र कड्याला घासून आलेला.
"ओनीच्या वरच्या वळणावर," नुक्री म्हणाला,
"ब्रेक दाबला, आणि ज्या रस्त्यानं आलो
तोच रस्ता पुढच्या काचेत दिसायला लागला."
आजोबांची झिगुली. नातवाहून पंधरा वर्षांनी थोरली.

मी खड्ड्यात उतरले,
दिवा धरला मागच्या आसाच्या वर,
जिथे मांत्रिक बसतो.

इकडचे सगळे मिस्त्री त्याला मांत्रिकच म्हणतात.
मुठीएवढा ओतीव तुकडा, पोटात एक दट्ट्या,
आणि आसापर्यंत गेलेली लांब पोलादी दांडी,
वैद्यानं नाडीवर ठेवलेल्या बोटासारखी.
ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते,
शेपूट वर जाते, मागची चाकं हलकी होतात.
दांडीला ते कळतं. दट्ट्या वाट आवळतो.
पुढच्या चाकांना पूर्ण जोर, मागच्यांना बेताचा,
डिकी भरलेली असेल तर थोडा जास्त.
हलक्या चाकांना पुढच्यांइतकाच जोर दिला
तर ती आधी अडून बसतात, रस्त्याची पकड सोडतात,
आणि मागचं पुढे यायला बघतं.

इथे मांत्रिक नव्हता.
दोन रिकामी भोकं, गंजाचा ठसा,
आणि एक सरळ नळी, पुढून मागे, विचारपूस न करता.

शेवटी तिला एक वळण होतं. ते मी ओळखलं.
असं वळण बाटलीच्या गळ्यावर येतं,
आणि अख्ख्या राचात बाटलीवर नळी वाकवणारा
एकच माणूस. तो शेगडीजवळ बसून
अक्रोड फोडत होता.

"बाबा, हे तुमचं काम?"
"कुठलं साल?"
"साल माहीत नाही. नळी तुमची आहे."
"मग त्र्याण्णव."

त्या वर्षी वीज नव्हती. पाव रांगेत मिळायचा,
सुटे भाग रांगेतही नाही.
उशांगीचा मांत्रिक गंजून दगड झालेला,
आणि मुलगा कुतायसीच्या दवाखान्यात,
रोज जायचं, रोज यायचं.

मला शिकवताना याच खड्ड्यात, याच दिव्याखाली
म्हणाले होते, हा काढायचा नाही,
गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही.
तेव्हा मला वाटलं होतं, हे नियम सांगताहेत.

"वाळू घातली होती मी," ते म्हणाले.
"दोन पोती, डिकीत. रिओनीची, सुकवलेली.
उशांगीला बजावलं, बायकोला उतरव,
पोरांना उतरव, ही उतरवायची नाही."

नुक्री दारात. कान लाल.
"मागच्या आठवड्यात ओतून टाकली.
आजोबा गेले, मला वाटलं म्हातारपणाचं खूळ.
तीस वर्षं दोन पोती फिरवत होते,
लग्नाला, बाजाराला, दफनाला."

अक्रोड फुटायचे थांबले.
मी म्हटलं, "बारा नंबरचा पाना दे."

मांत्रिक तिसऱ्या दिवशी आला, कुतायसीच्या मिनीबसमधून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, चीजच्या डब्याशेजारी.
दांडीला ग्रीस, अंतर दोनदा मोजलं,
तेलातले बुडबुडे संपेपर्यंत संध्याकाळ झाली.
बाबा काठी बाहेर ठेवून सीटवर चढले.
मी खाली, दट्ट्यावर बोट टेकून.

"दाबा."
"हलला?"
"हलला."
"किती?"
"नखाच्या जाडीएवढा."
वरून बराच वेळ काही आलं नाही.
पाय पेडलवरच होता, दट्ट्या बोटाला टेकलेला.

पैसे देताना नुक्रीनं विचारलं,
वाळू अजून आहे नदीकाठी, भरून आणू?
"आण," बाबा म्हणाले, "पण आमच्या अंगणात टाक.
बर्फ पडलं की उतार निसरडा होतो,
आणि माझ्या मागच्या पायाला मांत्रिक नाही."